थेंब, ठिणगी आणि विलंब

अर्धा मीटर उंचीवरून सोडलेला पाण्याचा थेंब खालच्या पृष्ठभागाला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर असतो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागातही तो तीन मिलिमीटर अंतर कापतो, आणि त्याचा स्वतःचा व्यास जेमतेम चार-पाच मिलिमीटर असल्याने एवढ्या वेळात घेतलेल्या छायाचित्रात थेंबाऐवजी एक पुसट, उभट डाग उमटतो. थेंबाची कड स्वच्छ दिसायची असेल तर चित्र टिपले जात असताना तो एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा अधिक सरकता कामा नये, आणि त्यासाठी प्रकाश आत येण्याची मुदत सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाइतकी आखूड असावी लागते. चांगल्या कॅमेऱ्याचे शटर, म्हणजे संवेदकासमोरची यांत्रिक झडप, सेकंदाच्या चार किंवा आठ हजाराव्या भागापर्यंत मजल मारते. परंतु अशा शटरमध्ये दोन पडदे एकामागोमाग धावत असतात आणि त्यांच्यामधली अरुंद फट संवेदकाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत जात असते. प्रत्येक बिंदूवर प्रकाश अल्पकाळच पडतो हे खरे, पण चित्राच्या एका टोकाची आणि दुसऱ्या टोकाची नोंद यांत कित्येक मिलिसेकंदांचे अंतर राहते, आणि तेवढ्या अवधीत थेंब फुटून त्याचे तुषार उडालेले असतात. अतिवेगी घटना टिपण्याचे काम शटरवर सोपवून भागत नाही, ते यामुळे.

यावरचा उपाय छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेतच सापडला होता. खोली अंधारी करायची, शटर एक-दोन सेकंद सरळ उघडे ठेवायचे आणि घटना घडत असताना अत्यल्प काळ टिकणारा प्रखर प्रकाश एकदाच पाडायचा. अंधारात संवेदकावर काहीच उमटत नसल्याने चित्राची खरी मुदत त्या प्रकाशाच्या मुदतीइतकीच राहते. एकदा ही युक्ती पत्करली की प्रश्नाचे दोन भाग पडतात: प्रकाश किती आखूड हवा, आणि तो नेमका केव्हा पडायला हवा. पहिल्याचे उत्तर आज बाजारात तयार मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र हौशी छायाचित्रकाराला स्वतःच्या हाताने जोडावे लागते, आणि या छंदातील खरी विद्या त्या दुसऱ्या भागातच आहे.

कागदी निगेटिव्हवरून कितीही प्रती काढण्याची पद्धत शोधणाऱ्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट या इंग्रज संशोधकाने १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये छापील वर्तमानपत्राचा कागद वेगाने फिरणाऱ्या चाकावर चिकटवला आणि लेडन जारांच्या संचात साठवलेला विद्युतभार ठिणगीच्या रूपाने मोकळा केला. त्या ठिणगीच्या उजेडात टिपलेल्या चित्रात चाकावरची अक्षरे वाचता येत होती. पुढे १८८७ मध्ये एर्न्स्ट माख आणि पेटर साल्शर यांनी उडत्या बंदुकीच्या गोळीपुढे हवेत तयार होणारा धक्कातरंग ठिणगीच्याच साहाय्याने छायाचित्रात पकडला.

घरगुती प्रयोगांच्या दृष्टीने मात्र या सर्वांहून जवळचा पूर्वज म्हणजे आर्थर वर्दिंग्टन हा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ. द्रवात पडणाऱ्या थेंबामुळे जे तुषार उडतात त्यांचा अभ्यास त्याने १८७० च्या दशकात सुरू केला, तेव्हा त्याच्याजवळ छायाचित्रणाच्या पुरेशा संवेदनशील काचा नव्हत्या. म्हणून तो अंधाऱ्या खोलीत ठिणगीच्या लखलखाटात क्षणभर दिसलेला आकार डोळ्यांत साठवी आणि लगेच कागदावर रेखाटी. ठिणगी योग्य क्षणी पडावी यासाठी त्याने केलेली योजना इतकी सुंदर आहे की आजच्या इलेक्ट्रॉनिक मंडलाचे तत्त्व तिच्यावरून समजावून घ्यावे. थेंब आणि एक धातूची गोळी यांना एकाच वेळी सोडायचे. गोळी खाली जाऊन विद्युतमंडल पूर्ण करील आणि ठिणगी पडेल. गोळीला पडायला किती उंची द्यायची हे बदलले की ठिणगीचा क्षण थेंबाच्या तुलनेत मागेपुढे होई. म्हणजे गुरुत्वाकर्षणालाच त्याने घड्याळ बनवले होते. एक अवस्था समाधानकारकपणे रेखाटून झाली की गोळीची उंची किंचित बदलायची आणि नवा थेंब सोडून पुढची अवस्था पाहायची, असे करत त्याने थेंब टेकण्यापासून द्रवाचा खळगा पडणे, त्याभोवती कडे उभे राहणे आणि शेवटी मधोमध द्रवाचा खांब उसळणे येथपर्यंतची संपूर्ण मालिका तयार केली. तो खांब आजही वर्दिंग्टनच्याच नावाने ओळखला जातो.

वर्दिंग्टनच्या मालिकेतील प्रत्येक चित्र वेगळ्या थेंबाचे आहे. एकाच थेंबाचा जीवनक्रम म्हणून जे दिसते ते अनेक थेंबांच्या आयुष्यांतील एकेक क्षण ओळीने मांडून घडवलेले असते, आणि ही मांडणी खरी ठरण्यासाठी प्रत्येक थेंब आधीच्या थेंबासारखाच असावा लागतो व प्रत्येक वेळी ठिणगी ठरलेल्या विलंबानेच पडावी लागते. पुढे १८९४ मध्ये वर्दिंग्टनला प्रत्यक्ष छायाचित्रे घेता आली तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघड झाली. त्याच्या हातच्या रेखाटनांत कड्यावरचे काटे समान अंतरावर, नेटके, सममित होते. छायाचित्रांत मात्र ते वाकडेतिकडे आणि विषम दिसत होते. डोळ्याने पाहताना मनाने प्रत्येक थेंबातील वेडेवाकडेपणा अपघात म्हणून वगळला होता आणि कधीच न घडलेला एक आदर्श थेंब कागदावर उतरवला होता, हे त्याने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोकळेपणाने नोंदवले आहे. विज्ञानाच्या इतिहासात निरीक्षणाविषयीचा इतका प्रामाणिक कबुलीजबाब क्वचितच सापडतो.

ठिणगीची जागा विश्वासार्ह दिव्याने घेतली ती विसाव्या शतकात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत विद्युत मोटारींचा अभ्यास करणाऱ्या हॅरॉल्ड एजर्टन याने १९३१ च्या सुमारास वायू भरलेल्या नळीतून नियमित अंतराने लखलखाट पाडणारा स्ट्रोबोस्कोप तयार केला आणि त्याच्या उजेडात फिरती चाके जागीच थांबल्यासारखी दिसू लागली. दुधाच्या थेंबातून उठलेला मुकुट दाखवणारे त्याचे १९५७ चे रंगीत छायाचित्र आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी दाखवणारे १९६४ चे छायाचित्र ही दोन्ही जगप्रसिद्ध आहेत. दुसऱ्या चित्रात फ्लॅशला इशारा देण्याचे काम एका मायक्रोफोनने केले होते, आणि नेमकी हीच रचना आज घरातल्या टेबलावर सहज उभी करता येते.

कॅमेऱ्यावर बसवण्याच्या साध्या फ्लॅशमध्ये काचेची एक नळी असते, तिच्यात झेनॉन वायू असतो आणि तिच्या दोन टोकांशी एक मोठा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, जोडलेला असतो. बॅटरीच्या काही व्होल्टांपासून आतले मंडल सुमारे ३०० व्होल्ट तयार करून तो कपॅसिटर भरत राहते. इशारा मिळताच नळीला क्षणिक उच्च दाबाचा धक्का बसतो, वायू वाहक बनतो आणि साठा नळीतून वाहून जातो. पूर्ण शक्तीवर हा लखलखाट साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका टिकतो, जो थेंबासाठी फारच लांब आहे. परंतु शक्ती कमी केली की आधुनिक फ्लॅश लखलखाट मंद करत नाही, मध्येच तोडतो: आतला इलेक्ट्रॉनिक स्विच प्रवाह खंडित करतो आणि उरलेला भार कपॅसिटरमध्येच राहतो. त्यामुळे शक्ती १/६४ किंवा १/१२८ वर ठेवली असता चांगल्या फ्लॅशची मुदत सेकंदाच्या वीस ते चाळीस हजाराव्या भागापर्यंत खाली येते. प्रकाश कमी पडतो म्हणून फ्लॅश विषयाच्या जवळ, अर्ध्या मीटरच्या आत आणावा लागतो. अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट होतो, या नियमाचा येथे मोठा आधार मिळतो.

जुन्या फ्लॅशचे किंवा फिल्मच्या टाकाऊ कॅमेऱ्याचे आवरण उघडून आतले भाग वापरण्याचा मोह अनेकांना होतो, आणि येथे स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. सुमारे १२० मायक्रोफॅरड क्षमतेचा कपॅसिटर ३३० व्होल्टपर्यंत भरला असता त्यात साडेसहा ज्यूल ऊर्जा असते, ती बॅटरी काढून घेतल्यावरही कित्येक तास टिकू शकते आणि शरीरातून गेल्यास जीवघेणी ठरू शकते. पान्ह्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने टोके जुळवून तो रिकामा करण्याची सवय वाईट. ठिणगीने धातू वितळून उडतो. काही किलोओहमचा, पुरेशा वॅटचा रोध इन्सुलेट केलेल्या तारांनी दोन्ही टोकांना काही सेकंद लावून धरावा आणि मग मीटरने व्होल्टेज शून्यावर आल्याची खात्री करावी. ज्याला हे जमणार नाही त्याने आवरण उघडूच नये. या प्रयोगांसाठी ते उघडण्याची गरजही नसते.

आता इशाऱ्याचा प्रश्न. कॅमेऱ्याचे बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत पन्नास मिलिसेकंद किंवा अधिक वेळ सहज जातो, उलट फ्लॅशला इशारा मिळाल्यापासून उजेड पडायला काही मायक्रोसेकंद पुरतात. म्हणून घटनेने कॅमेऱ्याला जागे करायचे नसते, उघड्या शटरसमोर फ्लॅशला जागे करायचे असते. यासाठीचे सर्वांत साधे मंडल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किरकोळ किमतीत मिळणाऱ्या दोन घटकांवर उभे राहते. पहिला घटक पिझो चकती: पितळेच्या पातळ चकतीवर सिरॅमिकचा थर असतो आणि त्याच्यावर आघात किंवा ध्वनी आदळला की त्यात व्होल्टेज निर्माण होते. दुसरा घटक थायरिस्टर: तीन पायांचा असा स्विच, की त्याच्या ‘गेट’ या पायाला क्षणिक इशारा मिळताच तो चालू होऊन प्रवाह वाहू देतो आणि प्रवाह जवळजवळ थांबेपर्यंत तसाच राहतो. चकती गेटला आणि थायरिस्टरचे उरलेले दोन पाय फ्लॅशच्या इशाऱ्याच्या तारांना जोडले, की टाळी वाजताच फ्लॅश उडतो. जुन्या फ्लॅशच्या या तारांवर दोनशे व्होल्टांहूनही अधिक दाब असू शकतो, म्हणून तो आधी मीटरने मोजावा आणि संवेदनशील मंडलाशी जोडताना मध्ये ऑप्टोकपलर घालावा; या घटकात एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशाने चालणारा स्विच असतो, त्यामुळे इशारा प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो आणि दोन मंडलांत विद्युतसंबंध राहत नाही.

फुटणारा फुगा टिपायला एवढे मंडल पुरते, आणि विलंबासाठी वेगळा घटकही लागत नाही, कारण खोलीतल्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असल्याने चकती फुग्यापासून साडेचौतीस सेंटिमीटर दूर नेली की फ्लॅश एक मिलिसेकंद उशिरा उडतो. चकती जवळ असेल तर रबर नुकते फाटू लागलेले दिसते. दूर नेत गेल्यास पाण्याने भरलेल्या फुग्यातील पाणी रबर गळून पडल्यावरही क्षणभर फुग्याचाच आकार धरून हवेत उभे असलेले दिसते. ताणलेल्या रबरातील चीर सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावू शकते, म्हणून चिरेचे टोक घरगुती फ्लॅशने थोडे पुसट येणारच. नवख्याला येणारी खरी अडचण वेगळीच असते: कमी शक्तीवरचा फ्लॅश क्षणात पुन्हा तयार होतो, भिंतीवरून परतलेला प्रतिध्वनी त्याला दुसऱ्यांदा उडवतो आणि एका चित्रावर दुसरे चढते. एकदा इशारा दिल्यानंतर सेकंदभर नवा इशारा स्वीकारायचा नाही, अशी सोय मंडलात केली की हा दोष जातो.

थेंबासाठी मात्र खरा, मोजून बदलता येणारा विलंब लागतो. हान्स कामेन्झिंड याने १९७१ मध्ये रचलेली ५५५ ही आठ पायांची चिप त्यासाठी आजही वापरली जाते. तिच्या बाहेर एक रोध आणि एक कपॅसिटर जोडलेला असतो. इशारा मिळताच कपॅसिटर रोधातून भरू लागतो आणि त्यावरचे व्होल्टेज पुरवठ्याच्या दोन तृतीयांशावर पोहोचले की मुदत संपते. ही मुदत रोध आणि धारकता यांच्या गुणाकाराच्या १.१ पट येते, म्हणून १०० किलोओहमचा फिरवता रोध आणि २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतल्यास ती सुमारे २४० मिलिसेकंदांपर्यंत हवी तेवढी ठेवता येते. मर्यादा ठरावीक व्होल्टांची नसून पुरवठ्याच्या प्रमाणात ठरवलेली असल्याने बॅटरी उतरू लागली तरी मुदत जवळजवळ बदलत नाही, कारण भरण्याचा वेग आणि गाठायची पातळी ही दोन्ही एकाच प्रमाणात कमी होतात. स्थिर विलंबावर ज्याचे सारे काम अवलंबून आहे त्याला या साध्या कल्पनेचे मोल कळते. कपॅसिटर मात्र इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा न घेता प्लॅस्टिक फिल्मचा घ्यावा. पहिल्याची धारकता तापमानाने आणि वयाने बरीच हलते.

थेंब पडत असल्याची वार्ता मंडलाला देण्यासाठी त्याच्या वाटेत अवरक्त किरणांचा झोत ठेवतात. एका बाजूला अवरक्त एलईडी, समोर फोटोट्रान्झिस्टर, आणि थेंबाने झोत अडवला की इशारा. हा झोत कोठे ठेवायचा याला फार महत्त्व आहे. थेंब सुटतो त्या तोंडापासून दहा सेंटिमीटरवर ठेवला तर अर्धा मीटर खालच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायला थेंबाला आणखी १७६ मिलिसेकंद लागतात, आणि विलंबात केवळ एक टक्का चूक झाली तरी थेंब साडेपाच मिलिमीटर वरखाली होतो. तोच झोत पृष्ठभागाच्या वर पाच सेंटिमीटरवर आणला की उरलेला वेळ सोळा मिलिसेकंदांवर येतो आणि एक टक्का चुकीचे मोल अर्ध्या मिलिमीटरवर. महागडा घटक न घेता केवळ जागा बदलून अचूकता दसपट वाढते.

दोन थेंबांची टक्कर हा या छंदाचा सर्वांत मोहक भाग. पहिला थेंब खळगा पाडतो, खळगा मिटताना वर्दिंग्टनचा खांब उसळतो आणि त्याच्या डोक्यावर नेमका दुसरा थेंब आदळला की द्रव छत्रीसारखा पसरतो. सलाईनच्या नळीची चकती फिरवून ठिबक जमवणाऱ्याला ही टक्कर क्वचितच सापडते, कारण दोन थेंबांमधले अंतर काही मिलिसेकंदांच्या हिशेबात राखावे लागते. त्यासाठी १२ व्होल्टवर चालणारी सोलेनॉइड झडप, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारी तोटी, आणि आर्दुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर घेतात. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या या छोट्या संगणक-पट्टीच्या मूळ प्रकारांत चार मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने वेळ मोजता येतो, जो येथे गरजेपेक्षा कितीतरी सूक्ष्म आहे. झडपेच्या वेटोळ्याशी उलट दिशेने एक डायोड जोडायला विसरू नये. प्रवाह तोडताक्षणी वेटोळे उलटे उच्च व्होल्टेज निर्माण करते आणि ते झडप चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा बळी घेते.

एवढे करूनही चित्रे जुळत नाहीत तेव्हा दोष बहुधा पाण्यात असतो. बाटलीतली पातळी उतरत जाते तसा तोटीवरचा दाब कमी होतो, थेंब लहान होतात आणि तासाभरापूर्वी जुळलेली वेळ हुकते. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ एदमे मॅरिऑट याच्या नावाची बाटली यावर चालते: बाटलीचे बूच हवाबंद करून त्यातून एक नळी पाण्यात खोलवर सोडायची, हवा फक्त तिच्यातूनच आत येऊ द्यायची. मग पातळी त्या नळीच्या खालच्या टोकापर्यंत उतरेतो तोटीवरचा दाब स्थिर राहतो. पाण्यात चिमूटभर गवार गम विरघळवला तर छत्रीच्या कडा लवकर फाटत नाहीत. प्रकाश थेंबावर सरळ न टाकता मागच्या पांढऱ्या कागदावर टाकावा, कारण पारदर्शक थेंब भिंगाचे काम करतो आणि मागचा उजळ कागद उलटा होऊन त्याच्या पोटात दिसतो. सरळ टाकलेला फ्लॅश फक्त एक चकचकीत ठिपका देतो. दूध अपारदर्शक असल्याने त्याला हा नियम लागू नाही, आणि मुकुटाचे काटे दुधात इतके स्पष्ट दिसतात ते त्यामुळेच.

अशा मांडणीने एकेक मिलिसेकंद विलंब वाढवत मालिका घेतली तरी ती वर्दिंग्टनच्या मालिकेप्रमाणे निरनिराळ्या थेंबांचीच असते. एकाच थेंबाचा प्रवास एकाच चित्रात हवा असेल तर झेनॉन नळी बाजूला ठेवून शक्तिशाली एलईडी घ्यावी लागते. तिचा उजेड नळीपेक्षा पुष्कळ मंद, पण तो प्रवाह तोडल्यावर मायक्रोसेकंदाच्या आत मावळतो, ३०० व्होल्टांचा धोका नसतो आणि सेकंदात शेकडो वेळा स्पंद देता येतात. स्पंद अत्यल्प असल्याने नेहमीच्या मर्यादेहून अधिक प्रवाहही ती क्षणभर सोसते. काळ्या पार्श्वभूमीवर शटर उघडे ठेवून दर २० मिलिसेकंदांनी असा एक स्पंद दिला, शेजारी मोजपट्टी उभी केली आणि उमटलेल्या थेंबांमधली अंतरे क्रमाने मोजली, तर प्रत्येक अंतर आधीच्या अंतरापेक्षा सुमारे ३.९ मिलिमीटरने मोठे भरते, आणि त्या वाढीला ०.०२ सेकंदाच्या वर्गाने भागले की गुरुत्वत्वरण, म्हणजे सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद, हा पाठ्यपुस्तकातला आकडा हाती येतो.